जुन्या चिकट्यावर नवा टायर

रिम साफ करायचं काम माझं होतं. ते मी घराबाहेरच्या ओट्यावर बसून करायचे, कारण थिनरची बाटली माय स्टोच्या आसपास येऊ द्यायची नाही. तरी वास आत जायचाच. वाळूजच्या कंपन्यांना लागून असलेल्या बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या दिवसांत भाजत्या भाकरीचा, ठेच्याचा आणि थिनरचा वास एकत्र नांदायचा. हात साबणानं तीनदा धुतले तरी जेवताना घासाबरोबर तो वास नाकात यायचा. धाकटी लता माझ्या हातची भाकरी घ्यायची नाही. "ताईच्या बोटाला कंपनी लागलीय," म्हणायची.

साध्या सायकलीचा टायर रिमच्या कडांत अडकून बसतो. रेसच्या सायकलीचा तसा नसतो. त्याच्या पोटातच ट्यूब शिवून टाकलेली असते, आणि रिमला त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं, फक्त चिकटा. म्हणजे वेगात वळण घेताना चालवणाऱ्याचा सगळा जीव बोटभर रुंदीच्या त्या चिकट्याच्या हवाली. टायर झिजला की तो उचकटून काढायचा, आणि मग खाली राहतो तो जुना चिकटा. कुठं गुळाच्या पाकासारखा ओला, कुठं वाळून खपली झालेला. तो काढल्याशिवाय नवा टायर नीट बसत नाही. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं रिमवर गुंडाळून ठेवायचं, थोड्या वेळानं मायच्या जुन्या उलथन्यानं खरवडायचं, परत फडकं, परत उलथनं. तारांच्या भोकांपाशी साचलेलं खिळ्यानं उकरायचं. शेवटी धुतल्या फडक्यावर पेट्रोल घेऊन, फडक्याला डाग लागायचा थांबेपर्यंत पुसायचं. एका रिमला अख्खी दुपार जायची. मग सोल्युशनचा, म्हणजे नव्या चिकट्याचा, एक हात, तो वाळला की दुसरा, आणि टायर ताणून बसवून हवा भरून दिवसभर तसाच ठेवायचा.

हे सगळं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या रशीदचाचांनी शिकवलं होतं. सायकलही त्यांच्याच दुकानातून आलेली, कुणा पुण्याच्या मुलानं सोडून दिलेली. पहिल्यांदा मला रिम हातात देताना चाचा म्हणाले होते, "हौ बेटी, पुराना पूरा निकालो. जल्दी मत करो. नै तो टायर बैठा सो दिखता, बैठता नै." मी मान हलवली होती. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि सायकल मला आवडायची, हेही इथं लिहून ठेवायला हवं. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला कुणी दोरीनं बांधून सायकलीवर बसवलं होतं.

तसं नव्हतं. बजाजनगरात यायच्या आधी अण्णा बिडकीनकडच्या आमच्या गावाहून कित्येक वर्षं सायकलीवर वाळूजला कंपनीत यायचे. भोंगा व्हायच्या आत गेटात पोचायचं म्हणून जीव तोडून पायडल मारायचे. एकदा पैठण रोडवर त्यांना सायकलींची शर्यत दिसली. रंगीत बनियनं घातलेली पोरं आली आणि वाऱ्यासारखी निघून गेली. अण्णा डबा हँडलला लटकवलेली सायकल धरून बाजूला उभे राहिले. त्या दिवशी कामावर उशीर झाला आणि अर्ध्या दिवसाचा खाडा लागला. हे सगळं त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की ती पोरं मीच पाहिली असं मला वाटतं. पुढं मी शाळेच्या स्पर्धेत पहिली आले तेव्हा त्यांनी ठरवूनच टाकलं. पोरगी राज्याला खेळणार, मग खेळाडूंच्या जागेतून नोकरी, सरकारी.

पहाटे साडेचारला अण्णा उठवायचे. तांब्याभर पाणी, भिजवलेले हरभरे, आणि रस्ता. ते मागून साध्या सायकलीवर घड्याळ घेऊन. आल्यावर दोन उकडलेली अंडी मला, अर्धं लताला. अण्णांना आणि मायला नाही. मी अंडं खाताना लता भिंतीकडं तोंड करून बसायची. शाळा, परत संध्याकाळी रस्ता. मैत्रिणींकडं जायचं नाही, पाय मुरगळंल. लग्नात नाचायचं नाही, गाभुळलेली चिंच खायची नाही, घसा बसंल. माझी सायकल भिंतीतल्या हुकाला टांगलेली असायची, आणि मी बरोबर तिच्या खाली झोपायचे. डोळे उघडले की पहिली दिसायची ती पुढच्या चाकाची गोल कड.

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण अण्णांनी माझ्यासाठी भांडणं घेतली होती. चड्डी घालून पोरगी रस्त्यानं फिरती म्हणून माझे दोन्ही चुलते घरी आले होते. मोठे चुलते म्हणाले, "सोयरिक कोण करंल हिच्याशी?" अण्णा हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी उभे राहिले. "माझ्या लेकीचे पाय तुम्हाला दिसतेत, त्या पायाची ताकद नाय दिसत. चहा प्या आन जा." त्यानंतर दोन वर्षं चुलत्यांच्या घरचं येणंजाणं बंद होतं. कुणी तुमच्यासाठी सख्खा भाऊ तोडला की तुम्ही त्याला कसं सांगणार की मला आता हे नको?

आणि मला ते नको झालं होतं. नेमकं कधी, ते आठवत नाही. सतरावं लागलं तेव्हा पायडल मारताना मी मोजायचे. शंभर, दोनशे, तीनशे. बाकी डोक्यात काहीच नसायचं. मायला एकदा म्हणून पाहिलं, "माय, मी सोडली सायकल तर?" माय पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. "तुझ्या बापाला मारून टाक त्यापरीस," म्हणाली, आणि परातीत पाणी घातलं.

त्या रविवारी राज्याच्या संघासाठी मुलींची निवड होती. दौलताबादहून घाट चढून खुलताबाद, तिथून वळसा घालून तोच घाट उतरून परत. मुली वीसेक, दर तीन मिनिटांनी एक सोडायची. मागच्या चाकाला नवा टायर लावायचा होता. शुक्रवारी दुपारी मी ओट्यावर बसले. जुना टायर उचकटला. खाली चिकटा नेहमीपेक्षा वाईट होता, दोन टायरांचे थर एकावर एक. फडकं गुंडाळलं, उलथनं घेतलं, टीचभर खरवडलं, आणि हात थांबला. दमले नव्हते. नुसती बघत राहिले. समोर टीचभर चकचकीत ॲल्युमिनियम आणि बाकी सगळं गोल तपकिरी, भुसभुशीत. कंपनीचा तीनचा भोंगा झाला. माझ्या मनात आलं, हे असंच राहिलं तर?

त्या वयाच्या डोक्यात एक हिशेब पटकन तयार झाला. चढावर जोर लागला की टायर सरकेल. चढावर वेग नसतो, पडायचा प्रश्न नाही. मी उतरेन, हात वर करेन, झालं. निवड गेली. कुणाचा दोष नाही, टायरचा. उतार माझ्या हिशेबातच नव्हता, कारण तिथवर जायचंच नव्हतं. मी खपल्यांवरच सोल्युशनचा एक पातळ हात दिला. कडेला मात्र जाड लावला, कारण अण्णा कडेनंच अंगठा दाबून बघायचे. टायर ताणून बसवला. छान बसलेला दिसत होता.

चारनंतर अण्णा पहिल्या पाळीहून आले. नेहमी ते चप्पल काढायच्या आधी चाक हातात घ्यायचे आणि इंचाइंचावर अंगठा दाबत पूर्ण फेरा करायचे. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. शेजारचे एक काका बरोबर होते. त्यांनीच विचारलं, "चाक तयार का रविवारचं?" अण्णांनी चाकाकडं पाहिलंसुद्धा नाही. "नंदानं बसवलंय. आता बघायचं काम नाय उरलं," म्हणाले, आणि माझ्या हातून तांब्या घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा चाक न दाबता. मी आत गेले आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले, घातलेल्याच घड्या मोडून परत.

रविवारी ओळखीच्या टेम्पोतून आम्ही दौलताबादला गेलो. आता परवा नातीला घेऊन छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादला जाताना त्याच जागी गाडी थांबवून आम्ही पेरू घेतले. मी खाली उतरले नाही, काचेतूनच पाहिलं. तेव्हा तिथं एक शामियाना होता, चुन्याची रेघ, शिट्टी गळ्यात अडकवलेले सर, आणि गार वारा. माझा नंबर शेवटचा. तिसरा नंबर रेखाचा.

रेखा बिडकीनची, माझ्याच वयाची. घरची शेती, चार बहिणी. तिची सायकल कुणाकडून तरी मागून आणलेली, तिच्या मापाचीही नव्हती. आम्ही एकमेकींना शर्यतीतच भेटायचो, पण ती भेटली की बोलत सुटायची. त्या दिवशी म्हणाली, "नंदे, आज झालं तर झालं. नायतर बाप म्हणतो उन्हाळ्यात उरकून टाकू. पोरगा बी बघून ठेवलाय त्यानं." हसत म्हणाली. मग सायकल फिरवायला गेली आणि पाच मिनिटांत ढकलत परत आली. बाभळीचा काटा, मागचं चाक बसलेलं. ट्यूब आत शिवलेली, तिथल्या तिथं पंक्चर काढणं शक्यच नाही. पहिली मुलगी सुटली होती. रेखा ओढणीनं तोंड पुसत नुसती उभी.

अण्णा उठले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी माझी सायकल उलटी केली आणि मागचं चाक सोडवलं. "आपला नंबर लई मागं हाय," मला म्हणाले, "ती जाऊन येईल तवर. हाय का नाय?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी मान हलवली. हो, मी मान हलवली. इतकी वर्षं झाली, पण हे मी कुठंही सांगताना गाळत नाही. त्यांनी चाक रेखाच्या सायकलीला बसवलं, नट आवळले, साखळी चढवली, फिरवून पाहिलं. चाक सरळ फिरलं. दुसरी मुलगी सुटली. रेखानं माझा हात धरला, तिचा हात बर्फासारखा होता. "पडणार नाय मी, तुझं चाक नीट आणून देते," म्हणाली.

ती रेघेकडं गेली. मी घाटाकडं पाहिलं. चढ तर ती हळूच चढेल, टायर सरकलाच तर तिला कळेल, उतरेल. पण रेखा हलकी होती. चढावर नाही सरकला तर? मग वरून उतार, एका बाजूला दरी, जुन्या वेशीतून जाणारा अरुंद रस्ता, समोरून येणारी एसटी. सर घड्याळाकडं बघत होते. "एक मिनिट," ते ओरडले. मला बोलायचं होतं. बोलले तर अण्णांना सगळं कळणार होतं, इथंच, सगळ्यांसमोर. न बोलले तर? एक मिनिट किती मोठं असतं ते मी तिथं पाहिलं.

मी पळत गेले आणि रेखाचं सीट मागून धरलं.

"ए, सोड ना," ती म्हणाली.

"ताई, बाजूला व्हा," सर म्हणाले.

अण्णा मागून आले. "काय गं? काय झालं?"

मी खाली बसले. टायरला कडेनं नाही, मधोमध धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी ढकललं. क्षणभर धरून राहिला, मग सोल्युशनची कड फाटल्याचा आवाज आला आणि हातभर टायर रिमवरून सरळ उतरला. तपकिरी भुसा माझ्या पायावर पडला. खाली तो जुना चिकटा, न खरवडलेला, आणि मध्ये टीचभर चकचकीत जागा.

अण्णा वाकले. त्यांनी त्या टीचभर जागेवरून बोट फिरवलं. त्यांना सगळं वाचता येत होतं. मी कुठं सुरू केलं, कुठं थांबले. "हे तू..." म्हणाले. रेखा सायकलीवरून उतरली. तिनं आधी टायरकडं पाहिलं, मग घाटाकडं, मग माझ्याकडं. सरांनी तिचा नंबर खोडून शेवटी लिहिला आणि मला विचारलं, "तुमचं काय?" अण्णाच म्हणाले, "तिचं काय नाय. खोडा."

रेखाचा नंबर येईतो जालन्याची एक मुलगी परत आली होती, तिनं आपलं चाक रेखाला दिलं. रेखा शेवटी सुटली आणि संघात आली. हे मला नंतर कळलं. आम्ही त्याआधीच निघालो होतो.

टेम्पो निघून गेला होता. आम्ही एसटीनं आलो, सायकल टपावर. अण्णा खिडकीशी, मी कडेला. छावणी आली तेव्हा अण्णा म्हणाले, "तुला पडायचं व्हतं का?"

"नाय. थांबायचं होतं."

"पडली असती. मेली असती." आवाज चढला नव्हता. "मला सांगायचं."

"तुम्ही ऐकलं असतं?"

अण्णांनी विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. बाबा पेट्रोल पंप गेला, पुढचा चौक गेला. मग म्हणाले, "नसतं ऐकलं."

घरी काही मोठं झालं नाही. मोठं झालं असतं तर बरं झालं असतं. माय एकदा रडली, मग स्टो पेटवला. सायकल हुकाला टांगली ती तशीच, मागच्या चाकाविना. अण्णा कामावर जायचे, यायचे, जेवायचे. माझ्याशी बोलायचे, पण "मीठ दे" एवढंच. अंडी बंद झाली. मला वाटलं होतं की सायकल सुटली की दार उघडेल, आणि बाहेर तर काहीच नव्हतं. त्याच दोन खोल्या, तोच भोंगा, आणि आता पहाटेचा रस्तासुद्धा नाही. माय मोठ्या चुलतीला निरोप धाडायच्या गोष्टी करू लागली, सोयरिकीच्या. एका संध्याकाळी अण्णांनी तिला थांबवलं. "तिला इचार आधी, तिला काय करायचंय ते." माय माझ्याकडं बघायला लागली, लताही. मला कुणी हे कधी विचारलंच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि आत काही सापडेना. नको काय ते मला पाठ होतं. हवं काय, ते नाही. "सांगते," म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बसले.

चारसहा दिवसांनी रेखा सकाळीच आली. बिडकीनहून सायकलीवर, पाठीला एक रिम बांधून आणि हँडलला नवा टायर अडकवून. अण्णा ओट्यावर होते. "अण्णा, राज्याच्या शर्यतीला दुसरं चाक पाहिजे," म्हणाली, "बसवून द्या." अण्णा उठून बाजूला झाले. "मी नाय. हिला सांग." आणि कामावर निघून गेले.

मायनं पाणी दिलं, रेखानं घेतलं नाही. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. ती हसत नव्हती. "मी पडले असते ना," म्हणाली, "तर मला लागलं त्याचं काय नाय. पण बापानं परत दारात सायकल येऊ दिली नसती. माझं एवढंच एक दार हाय, नंदे. तुझं तू काय बी कर. माझं कामून बंद करत होतीस?"

"तुझ्यासाठी नव्हतं ते."

"म्हायती हाय. म्हणून तर आले. आता माझ्यासमोर कर. मी बघत बसते."

मी फडकं भिजवलं. ती खरंच बघत बसली, ऊन ओट्यावरून भिंतीवर चढेपर्यंत. मी खरवडत राहिले. भोकं उकरली. पेट्रोलचं फडकं तीनदा बदललं. मध्येच ती म्हणायची, "तिथं राहिलंय," आणि खरंच राहिलेलं असायचं. माझ्या बोटांची सालं निघाली. दुपारनंतर आम्ही दोघींनी मिळून टायर ताणला, कारण नवा टायर एकटीला नीट ताणवत नाही. रात्रभर वाळू दे म्हटलं तर म्हणाली, "उद्या येते." दुसऱ्या दिवशी आली आणि तिनं अंगठा दाबत फेरा केला. मग उलट दिशेनं परत एक. "बसलाय," म्हणाली, आणि चाक पाठीला बांधलं. पुढं ती पोलिसात लागली. आम्ही मैत्रिणी झालो असं म्हणता येणार नाही. पण माझ्या लग्नात ती आली होती आणि पहिल्या पंगतीला वाढत होती.

मी मात्र बारावी पुन्हा दिली, मग बालवाडीच्या कोर्सला गेले आणि आयुष्यभर लहान पोरांत राहिले. पण ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी, रेखा चाक घेऊन गेल्यावर, अण्णा जेवायला बसले होते. मी भाकरी वाढली आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही विचारलं होतं ना, मला काय करायचंय?"

त्यांचा घास थांबला. "हं."

"महिनाभर सकाळी सातपर्यंत झोपायचंय. पुढचं पुढं सांगते."

माय म्हणाली, "हे काय मागणं झालं?" अण्णा मान खाली घालून म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला जाग आली. आलीच. अण्णाही उठले होते, त्यांचंही अंग सवयीचं. त्यांनी दिवा लावला नाही. अंधारात चाचपडत तांब्या घेतला, तो कशाला तरी लागेल म्हणून दोन्ही हातांनी धरला. माझ्या अंथरुणाला वळसा घालून, चपला हातात घेऊन ते अनवाणी दारापर्यंत गेले आणि कडी इतक्या हळू काढली की ती निघायला बराच वेळ लागला. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांना दुसरं जायचं कुठं होतं?

मी जागीच होते. उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसावं असं फार वाटलं. पण मी डोळे मिटून सात वाजेपर्यंत तशीच पडून राहिले.